परदेशातील शिक्षकीचा ताळेबंद

वार्षिक परीक्षांचा हंगाम जवळ येऊ लागला, की आखाती देशांतील शाळांच्या जाहिराती झळकू लागतात. गणित, भौतिकशास्त्र, इंग्रजी या विषयांचे पदवीधर शिक्षक हवेत, बी.एड. आवश्यक, करमुक्त वेतन, राहण्याची सोय, वर्षाकाठी विमानाचे तिकीट, मुलाखती मुंबईत अमुक तारखेस. पूर्वी हा मजकूर वृत्तपत्रांच्या छोट्या जाहिरातींत असे, आता तो भ्रमणध्वनीच्या पडद्यावर येतो. मजकुराची भाषा मात्र फारशी बदललेली नाही, आणि ती वाचून जिल्ह्याच्या गावातल्या एखाद्या तरुण शिक्षिकेच्या घरात रात्री उशिरापर्यंत जी आकडेमोड चालते, तीही बदललेली नाही. दरमहा इतके दिरहम, गुणिले इतके रुपये, म्हणजे घराचे कर्ज तीन वर्षांत फिटेल. धाकट्या भावाचे शिक्षण होईल. गुणाकार बरोबर असतो. त्यापुढची वजाबाकी मात्र बहुधा कोणी मांडत नाही.

या निर्णयाकडे पाहण्याच्या दोन रीती आपल्याकडे रूढ आहेत. शेजारीपाजारी म्हणतात, नशीब उघडले. व्यासपीठावरील वक्ते म्हणतात, देशाने शिकविले आणि पाखरू उडून गेले. वस्तुतः दोन्ही मतांना ताळेबंदाचा आधार नाही. परदेशातील शिक्षकी हे भाग्य नव्हे आणि द्रोहही नव्हे. तो एक मुदतीचा करार आहे. करार म्हटला की त्याचे मोल, त्याची जोखीम आणि त्याचा शेवट या तिन्ही गोष्टी सही करण्यापूर्वी पाहाव्या लागतात.

घर सोडण्याची कारणे

प्रथम येथील परिस्थिती विचारात घ्यावयास हवी. महाराष्ट्रात २००० साली शिक्षण सेवक योजना सुरू झाली. नव्याने नेमलेल्या शिक्षकास पहिली तीन वर्षे वेतनश्रेणी नाही, केवळ मानधन, असे तिचे स्वरूप. दीर्घकाळ तुटपुंजे राहिलेले हे मानधन २०२३ साली वाढविण्यात आले, तेव्हा ते प्राथमिक शाळेसाठी १६ हजार, माध्यमिकसाठी १८ हजार आणि उच्च माध्यमिकसाठी २० हजार रुपये झाले. विनाअनुदानित शाळांतील आणि तासिका तत्त्वावर काम करणाऱ्यांची स्थिती याहूनही अनिश्चित. शिवाय १ नोव्हेंबर २००५ नंतर सेवेत आलेल्यांना जुन्या पद्धतीच्या निवृत्तिवेतनाची हमी राहिली नाही. शिक्षकी पेशाचे जे आकर्षण मागील पिढीला होते, ते वेतनाच्या आकड्यापेक्षा स्थैर्यात होते. ते स्थैर्यच गेल्यावर दुप्पट-चौपट वेतनाची हाक कानी पडली, तर ती ऐकणाऱ्यास दोष कसा द्यावा? तेव्हा ‘गेले का?’ या प्रश्नाचे उत्तर बाहेर शोधण्याचे कारण नाही. ते येथेच आहे.

खरा प्रश्न आहे तो ‘जाताना काय अपेक्षावे?’ हा.

इतिहासाची साक्ष

भारतीय शिक्षक परदेशी जातो ही घटना नवी नव्हे. विसाव्या शतकाच्या मध्यास सम्राट हैले सेलासी यांच्या इथिओपियात शाळांचे जाळे विणले जात होते आणि तेथील वर्गांत भारतीय शिक्षक मोठ्या संख्येने उभे होते. १९७४ साली सम्राटांची सत्ता उलथली आणि तेथील नोकरीचे सारे गणित बदलले. १९७३ नंतर तेलाचे भाव चढले, तेव्हा नायजेरियाच्या तिजोरीत पैसा आला. १९७६ साली त्या देशाने सार्वत्रिक प्राथमिक शिक्षणाची योजना हाती घेतली, माध्यमिक शाळा वाढल्या आणि विज्ञान-गणिताच्या शिक्षकांसाठी भारताकडे मागणी आली. त्या काळी एक नायरा एका डॉलरहून मोलाचा होता. पुढे तेलाचे भाव कोसळले. वेतने थकू लागली, मायदेशी पैसे पाठविण्यावर निर्बंध आले आणि १९८६ सालच्या आर्थिक पुनर्रचनेनंतर, वर्ष-दीड वर्षात, नायरा पाव डॉलरच्या आसपास येऊन ठेपला. शिक्षकाचे वेतन कागदावर तेच राहिले, त्याचे मोल मात्र एका धोरणाच्या फटक्यात चतुर्थांशावर आले.

तिसरा धडा कुवेतचा. २ ऑगस्ट १९९० रोजी इराकने त्या देशाचा घास घेतला, आणि पुढील काही आठवड्यांत सुमारे १ लाख ७० हजार भारतीयांना सर्वस्व मागे टाकून परतावे लागले. त्यांत शिक्षकही होते. बँकेतील ठेवी, घरातील सामान, शाळेकडून येणे असलेली रक्कम, सारे तेथेच राहिले. संयुक्त राष्ट्रांच्या आयोगामार्फत नुकसानभरपाई मिळाली खरी, परंतु तिला वर्षे लागली. २०२० सालच्या साथीतही अनेक खाजगी शाळांनी वेतनाला कात्री लावली आणि कित्येक कुटुंबांना मे महिन्यापासून सुरू झालेल्या विशेष विमानांनी परत यावे लागले.

या उदाहरणांचा अर्थ परदेशी जाऊच नये असा नाही. अर्थ एवढाच, की परदेशी शिक्षकाचे वेतन त्याच्या गुणवत्तेवर जितके अवलंबून असते, तितकेच ते तेलाच्या भावावर, चलनाच्या विनिमयावर आणि त्या देशाच्या राजकारणावर अवलंबून असते. या तिन्हींपैकी एकावरही त्याची सत्ता चालत नाही. म्हणूनच मिळकतीचा किमान एक भाग दर महिन्यास मायदेशी आणून ठेवणे हा केवळ काटकसरीचा नियम नसून विम्याचा नियम आहे. मालदीवमध्ये काम करणाऱ्या भारतीय शिक्षकांना २०२५ साली याचा पुन्हा अनुभव आला. तेथे डॉलरची टंचाई झाली आणि बँकेमार्फत घरी पाठविता येणाऱ्या रकमेवर पगाराच्या मानाने फारच तोकडी मर्यादा आली. वेतन किती, याबरोबरच ते कोणत्या चलनात आणि ते चलन देशाबाहेर नेता येते की नाही, हे प्रश्न म्हणूनच विचारावयास हवेत.

वेतनाचा आकडा आणि वेतनाचे मोल

आखाती चलनांची एक जमेची बाजू आहे. सौदी रियाल १९८६ पासून ३.७५ रियालास एक डॉलर आणि अमिरातीचा दिरहम १९९७ पासून ३.६७२५ दिरहमास एक डॉलर असा बांधलेला आहे. १९८० साली डॉलर आठ रुपयांच्या आसपास होता. २०२४ च्या अखेरीस त्याने ८५ ओलांडले. दिरहमात शिल्लक टाकणाऱ्यास रुपयाच्या घसरणीचा लाभ होतो, हे खरेच. परंतु त्याच काळात येथील जमीन, घर, शिक्षण आणि औषधपाणी यांचे भाव स्वस्थ बसलेले नाहीत. रुपयांतील आकडा फुगतो म्हणून क्रयशक्ती त्याच प्रमाणात वाढत नाही, हा अर्थशास्त्राचा पहिला पाठ येथे विसरला जातो.

समजा, एखाद्या शिक्षिकेस महिना ४,००० दिरहमचा प्रस्ताव आला. दिरहमास २४ रुपये धरले तर ते ९६ हजार रुपये होतात. येथील १८ हजारांच्या तुलनेत हा आकडा मोहविणारा आहे. परंतु राहण्याची सोय शाळेकडून नसेल, तर शहरातील भागीदारीच्या खोलीचे भाडे, जाण्यायेण्याचा खर्च, जेवण आणि दूरध्वनी यांत या रकमेचा मोठा वाटा जातो. कुटुंब नेले तर भाडे कैक पटींनी वाढते आणि मुलांची शाळेची फी उभी राहते. शिक्षकांच्या मुलांना सवलत असल्यास ती करारात लिहिलेली असावी. सौदी अरेबियात २०१७ साली परदेशी कर्मचाऱ्यांच्या कुटुंबीयांवर दरमहा माणशी १०० रियाल आकार लागू झाला आणि २०२० पर्यंत तो ४०० रियालांवर गेला. त्याच वर्षी तेथील मूल्यवर्धित कर ५ वरून १५ टक्के झाला. ‘करमुक्त’ या शब्दाचा अर्थ प्राप्तिकर नाही, एवढाच. दुकानातील करापासून तो कोणाची सुटका करीत नाही.

वेतनाचे विभाजन ही आणखी एक अगत्याने पाहण्याची बाब. अमिरातीच्या कायद्यानुसार सेवासमाप्तीची उपदानाची रक्कम पहिल्या पाच वर्षांसाठी दर वर्षास २१ दिवसांच्या वेतनाइतकी मिळते, पण हिशेब केवळ मूळ वेतनावर होतो. वरील ४,००० दिरहमांत मूळ वेतन २,००० आणि बाकी भत्ते असतील, तर तीन वर्षांअखेर ६३ दिवसांचे म्हणजे ४,२०० दिरहम हाती येतील. संपूर्ण वेतनावर हिशेब धरून बसलेली शिक्षिका ८,४०० दिरहमांची वाट पाहत असेल. रुपयांत हा फरक लाखभराचा आहे, आणि तो कराराच्या एका ओळीत दडलेला असतो.

याखेरीज एक प्रश्न असा, की एकाच शहरात, एकाच विषयाच्या शिक्षकांना वेगवेगळ्या शाळांत इतके भिन्न वेतन का? उत्तर बाजारपेठेत आहे. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाशी संलग्न अशा दोनशेहून अधिक शाळा भारताबाहेर आहेत आणि त्यांतील बहुसंख्य आखातात. या शाळांत मध्यमवर्गीय भारतीयांची मुले शिकतात. फी बेताची, म्हणून वेतनही बेताचे. ब्रिटिश वा अमेरिकन अभ्यासक्रमाच्या शाळांची फी अनेक पट, म्हणून वेतनही अनेक पट. परंतु तेथे त्या देशांचे अध्यापन-परवाने असलेल्यांना प्राधान्य मिळते. भर म्हणून, पतीच्या प्रवेशपत्रावर तेथे राहणाऱ्या सुशिक्षित गृहिणींचा मोठा वर्ग स्थानिक भरतीस उपलब्ध असतो. त्यांना घरभाडे वा तिकीट द्यावे लागत नाही. अशा शाळांतील वेतनाची पातळी दबलेली राहते, याचे हे एक प्रमुख कारण. शिक्षकाचे वेतन त्याच्या पदवीवर ठरत नाही, विद्यार्थ्याच्या फीवर ठरते, हे कटू सत्य मुंबईहून विमानात बसण्यापूर्वीच पचविलेले बरे.

वर्गातील वास्तव

पैशापलीकडचे अनुभवही वेगळे असतात. आपल्याकडील अनुदानित शाळेत कायम झालेल्या शिक्षकास एक प्रकारची सुरक्षितता असते. परदेशातील खाजगी शाळेत ती नसते. पाठांचे निरीक्षण वारंवार होते, अध्यापनाच्या नोंदी ठेवाव्या लागतात, शासकीय तपासणीत शाळेला मिळणाऱ्या श्रेणीवर फीवाढ अवलंबून असल्यामुळे व्यवस्थापनाचा सारा ताण शेवटी शिक्षकावर येतो. पालक हा ग्राहक असतो आणि ग्राहकाची तक्रार मुख्याध्यापकांच्या मेजावर त्याच दिवशी पोहोचते. ‘बाई’ आणि ‘सर’ या शब्दांभोवती आपल्या समाजाने जे आदराचे वलय ठेवले आहे, ते सोबत नेता येत नाही. शिक्षा, रागावणे, मुलाच्या पाठीवर थाप मारणे, यांविषयीचे नियमही कडक असतात. दुसरीकडे, लहान वर्ग, सुसज्ज प्रयोगशाळा आणि अनेक देशांतील मुलांना शिकविण्याचा अनुभव या गोष्टी शिक्षकास घडवितात. परतलेल्या अनेकांच्या अध्यापनात हा फरक दिसतो आणि तो ताळेबंदात जमेच्या बाजूस मांडलाच पाहिजे.

मातृभाषेचा प्रश्न वेगळाच. मराठी माध्यमातून शिकलेला, विषयावर उत्तम पकड असलेला शिक्षक इंग्रजीच्या उच्चारांपाशी अडतो. ही उणीव विषयज्ञानाची नव्हे, परंतु मुलाखतीत ती तशीच मोजली जाते. जाण्यापूर्वी वर्षभर तयारी केली, तर ती भरून काढता येते. ऐनवेळी ती भरून निघत नाही.

इंग्लंड-अमेरिकेचे आकर्षण

अलीकडे आखातापलीकडे इंग्लंडचे दार किंचित उघडले आहे. फेब्रुवारी २०२३ पासून भारतासह आणखी काही देशांतील गणित, विज्ञान व भाषा या विषयांच्या माध्यमिक शिक्षकांना तेथील अध्यापन-अर्हतेसाठी थेट अर्ज करण्याची मुभा मिळाली. तेथील शासकीय शाळांना वेतनश्रेणी आहे. लंडनबाहेर नवोदित शिक्षकाचे वार्षिक वेतन सप्टेंबर २०२४ मध्ये ३१,६५० पौंड होते. परंतु ते करपात्र आहे, आणि प्रवेशपत्रासोबत भरावयाचा आरोग्य अधिभार फेब्रुवारी २०२४ पासून प्रौढ माणशी वर्षाला १,०३५ पौंड झाला. पतिपत्नींनी तीन वर्षांसाठी जायचे तर ६,२१० पौंड, म्हणजे सात लाखांच्या आसपास रुपये, पहिला पगार हाती येण्यापूर्वीच मोजावे लागतात. शाळा हा भार उचलते की शिक्षक, हे आधी ठरले पाहिजे.

अमेरिकेत देवाणघेवाण योजनेखाली जाणाऱ्या शिक्षकाची मुदत तीन वर्षांची. ती फार तर दोन वर्षांनी वाढते. तेथे स्थायिक होण्याचे स्वप्न या वाटेने पाहणे म्हणजे स्वतःची फसवणूक होय. दुसरी वाट एच-१बी प्रवेशपत्राची. परंतु सप्टेंबर २०२५ मध्ये देशाबाहेरील उमेदवारांच्या नव्या अर्जांवर १ लाख डॉलरचे शुल्क लावण्यात आले, आणि शाळेच्या अंदाजपत्रकास ते झेपणारे नव्हे.

दलालाची दारे

अमेरिकेच्याच लुइझियाना राज्यातील एक प्रकरण या संदर्भात लक्षात ठेवण्याजोगे आहे. तेथील शाळांसाठी फिलिपीन्समधून साडेतीनशेहून अधिक शिक्षक आणण्यात आले, आणि भरती करणाऱ्या मध्यस्थांनी त्यांच्याकडून हजारो डॉलर उकळले. पुष्कळांनी त्यासाठी कर्जे काढली होती. शिक्षक न्यायालयात गेले आणि २०१२ साली ज्यूरीने त्यांच्या बाजूने सुमारे ४५ लाख डॉलरचा निवाडा दिला. फसलेली ही माणसे अशिक्षित मजूर नव्हती, पदवीधर शिक्षक होती. शिक्षण माणसास फसवणुकीपासून आपोआप वाचवीत नाही, हा त्यातील बोध.

भारतात १९८३ च्या उत्प्रवासन कायद्याखाली भरती करणाऱ्या दलालास नोंदणी सक्तीची असून उमेदवाराकडून घ्यावयाच्या सेवाशुल्काला ३० हजार रुपये अधिक कर अशी मर्यादा आहे. याहून अधिक मागणी होत असेल, पावती नाकारली जात असेल, किंवा पर्यटकाच्या प्रवेशपत्रावर पाठवून तेथे ‘बदलून देऊ’ असे आश्वासन मिळत असेल, तर तेथेच व्यवहार थांबवावा. पदव्यांच्या साक्षांकनालाही काळ आणि पैसा लागतो. भारत २००५ साली हेग येथील करारात सामील झाल्याने अनेक देशांसाठी परराष्ट्र खात्याचे एकच प्रमाणचिन्ह पुरते, परंतु अमिराती त्या करारात नसल्याने तिथे वकिलातीचा शिक्का लागतो. आपले पारपत्र मालकाच्या ताब्यात देणे आवश्यक नाही, हेही प्रत्येकाने जाणून असावे.

परतीचा प्रवास

सर्वांत कमी विचार होतो तो परतीचा. पंचविसाव्या वर्षी गेलेला शिक्षक पस्तिसाव्या वर्षी परततो, तेव्हा येथील ज्येष्ठता संपलेली असते, शासकीय भरतीची वयोमर्यादा तोंडावर आलेली असते वा उलटून गेलेली असते, आणि भविष्यनिर्वाह निधी बहुधा जातानाच काढून संपविलेला असतो. आखातात कितीही वर्षे काढली तरी तेथील नोकरीचे निवृत्तिवेतन परदेशी खाजगी शिक्षकाला मिळत नाही. तात्पर्य, जो आकडा वेतन म्हणून दिसतो, त्यातच त्याचे म्हातारपणही समाविष्ट आहे. तो सारा खर्च करणे म्हणजे भांडवल खाणे होय. घराच्या वास्तुशांतीत आणि बहिणीच्या लग्नात दहा वर्षांची शिल्लक संपवून, पन्नाशीत खाजगी शिकवण्यांवर उपजीविका करणारी माणसे आपल्या भोवती आहेतच.

शासनाचे कर्तव्य

परदेशातून भारतीय जे पैसे घरी पाठवितात, ते २०२४ मध्ये १२० अब्ज डॉलरहून अधिक होते. रिझर्व्ह बँकेच्या २०२३-२४ च्या पाहणीनुसार त्यांतील सुमारे एक पंचमांश रक्कम महाराष्ट्रात येते. हा वाटा केरळपेक्षाही किंचित मोठा आहे. केरळने परदेशी गेलेल्यांसाठी स्वतंत्र शासकीय खाते १९९६ सालीच उघडले. महाराष्ट्राने पैसा स्वीकारला, परंतु पाठविणाऱ्याची चौकशी त्या प्रमाणात केली नाही.

कॅरिबियन बेटांतील शिक्षक ब्रिटन-अमेरिकेतील शाळांनी मोठ्या प्रमाणावर नेल्यामुळे तेथील सरकारे अस्वस्थ झाली आणि २००४ साली राष्ट्रकुलातील शिक्षणमंत्र्यांनी शिक्षक-भरतीची एक संहिता स्वीकारली. शिक्षकाचा हक्क आणि त्याच्या मायदेशातील शाळांचे हित, या दोहोंचा मेळ घालावा, हे तिचे सूत्र. ती बंधनकारक नाही. तथापि तिचा आधार घेऊन राज्याला तीन गोष्टी सहज करता येतील. जिल्हास्तरावर करार वाचून देणारा एक सल्लाकक्ष स्थापावा. कायम शिक्षकास ठरावीक मुदतीची बिनपगारी रजा देऊन परतीची वाट मोकळी ठेवावी, म्हणजे परदेशातील अनुभवाचा लाभ येथील वर्गांना होईल. आणि परतलेल्यांच्या सेवेची वर्षे भरतीच्या वेळी ग्राह्य धरावीत.

मात्र या उपायांनी मूळ प्रश्न सुटत नाही. १८ हजार रुपयांवर गणिताचा शिक्षक राबवून घेणाऱ्या समाजास त्याच्या जाण्याबद्दल हळहळण्याचा अधिकार मर्यादितच राहणार. जो जातो, त्याने आपला हिशेब नीट मांडून जावे. जे मागे राहतात, त्यांनी आपलाही हिशेब मांडावा. जाणारा आपले वेतन आणि जोखीम मोजील. ज्या वर्गात जून महिन्यात फळ्यापुढे कोणीच उभे नसते, त्या वर्गाची किंमत मात्र आपल्यालाच मोजावी लागणार आहे.